सोयरिकीचा तक्ता

मासा पाण्यात बुडून मेला असं मी कुणाला सांगितलं, तर आमच्या ढिवर मोहल्ल्यातलं शेंबडं पोरही मला वेड्यात काढेल. पण त्या सकाळी सात नंबरच्या टाकीत तेच झालं होतं. पंधरा दिवसांची मागूरची पिल्लं तळाशी निपचित पडली होती, हजारोंनी, मिशा पसरून. पाणी स्वच्छ होतं, पंप चालू होता, आणि टाकीवरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी गोड आवाजात सांगत होता की सर्व ठीक आहे. त्याच्यावर चप्पल फेकावीशी वाटली.

मागूर नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही. कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या पोकळीत, त्याला एक बारीकसं लाल झाडासारखं इंद्रिय असतं. मासा मधूनमधून वर येतो, तोंडभर हवा घेतो, त्या झाडात भरतो आणि पुन्हा खाली जातो. म्हणून तर तलावाचा चिखल झाला तरी तो मरत नाही, बाजारात ओल्या पोत्यात दिवसभर जिवंत राहतो. पण त्याला वर येता आलं नाही, तर तो भर पाण्यात गुदमरतो. आमच्या पिल्लांत ते झाड उगवलंच नव्हतं. ती वर येत, हवा गिळत, आणि ती हवा ठेवायला त्यांच्यात जागाच नसे.

"डिंपलताई, याही बॅचमध्ये तेच," सूक्ष्मदर्शकातून मान वर न करता डॉ. ओवी निगुडकर म्हणाल्या. "मागच्या वर्षी शंभरात पंचवीस अशी होती. या वर्षी साठ."

माझं नाव डिंपल वलथरे. वय एकेचाळीस. नाव ठेवताना ही पोरगी कधी म्हातारी होईल, असा विचार माझ्या बापानं केलेला दिसत नाही. मी या मत्स्यबीज केंद्रात बावीस वर्षं काम करते. ओवी मॅडम पुण्याहून येऊन दीड वर्ष झालेलं. हुशार बाई, स्वभावानं सरळ. पाणी तपासून झालं, खाद्य तपासून झालं, आता त्या म्हणाल्या, "वंश तपासू. सगळ्या ओळींचे नमुने पाठवते."

मी मान हलवली आणि हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते.

संध्याकाळी नेहमीसारखी उरलेल्या पिल्लांची कॅन सायकलला अडकवली. वाटप होऊन जादा उरलेली पिल्लं चुन्याच्या खड्ड्यात टाकायची, असा केंद्राचा नियम आहे. माझ्यानं ते कधी झालं नाही. धडधाकट पोहणारा जीव चुन्यात कसा ओतायचा? मी ती घरी नेते आणि घरामागच्या बोडीत सोडते. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. माझ्या बापाची ती बोडी.

बापाचं सांगायचं तर आधी मागूरच्या नराचं सांगावं लागेल. मादीला इंजेक्शन दिलं की पोट दाबून अंडी काढता येतात. नराचं तसं नाही. त्याचं बीज आत खोल असतं, कितीही दाबा, बाहेर येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी नर कापायचा, बीजकोश काढायचे, बारीक करायचे आणि कापडातून अंड्यांवर पिळायचे. एका पिढीसाठी एक बाप मारायचा. केंद्रात हे कापण्याचं काम माझ्या बापाकडे, फागू वलथरेंकडे होतं. कापायला नर लागत म्हणून बोडीत त्यांनी स्वतःच एका जोडीपासून मागूर वाढवला होता.

मग नवं तंत्र आलं. नराच्या बीजकोशात काही मूळपेशी असतात, ज्या आयुष्यभर बीज तयार करत राहतात. त्या पेशी एकदा काढून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायच्या. दुसऱ्या जातीच्या माशाचं, आमच्याकडे पंगसचं, नुकतं अंड्यातून निघालेलं वांझ पिल्लू घ्यायचं आणि त्याच्या पोटात त्या पेशी सोडायच्या. पेशी आपण होऊन सरकत जातात आणि योग्य जागी घर करतात. पंगस मोठा झाला की त्याचं पोट नुसतं दाबलं तरी बीज येतं, आणि ते बीज असतं मागूरचं. पिल्लू मादी असेल तर त्याच पेशींची अंडी होतात. नर कापायची गरजच उरली नाही. फक्त पहिल्यांदा, एकदाच.

त्याच सुमारास आमच्या बारा तलावांत बंदी असलेला परदेशी मांगूर घुसला होता आणि तलावातलं सगळं खात सुटला होता. ठरलं असं की बाराही तलाव आटवून साफ करायचे आणि नंतर शुद्ध देशी मागूरचं बीज सोडायचं. त्यासाठी प्रत्येक तलावाच्या सोसायटीनं आपला सगळ्यात जुना नर केंद्राला द्यायचा. बारा नर, बारा वंश. प्रयोगशाळेच्या भिंतीवर आजही तो रंगीत तक्ता आहे: कोणत्या तलावाची अंडी कोणत्या तलावाच्या बीजाला द्यायची, म्हणजे नात्यात नातं होणार नाही. आम्ही त्याला सोयरिकीचा तक्ता म्हणतो. लग्न जुळवताना देवक बघतात, तसंच.

रिपोर्ट आठ दिवसांनी आला. मॅडमनी मला आणि जनबंधू सरांना केबिनमध्ये बोलावलं.

विलास जनबंधू सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे हात. त्या बारा नरांच्या पेशी वेगळ्या करून बारा नळ्यांत भरल्या त्या त्यांनीच. सूक्ष्मदर्शकात बघायला मला शिकवलं त्यांनी. काम करताना माझा हात केसांना लागला तरी म्हणत, "डिंपल, पुन्हा धुवा." बारा नळ्यांना त्यांनी बारा वेगळे ड्रॉपर वापरले होते, आणि ते बारा ड्रॉपर अजून त्यांच्या खणात कापडात गुंडाळलेले आहेत. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

"बाराही ओळी एकाच घरच्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "इतकी वर्षं आपण भावाबहिणींचीच लग्नं लावतोय. बारा तलावांचे नर एका घरचे असणं शक्य नाही. म्हणजे अगदी सुरुवातीला, पेशी भरताना, एका नळीतलं बाकीच्या नळ्यांत गेलं."

"मूळ नळ्या बघा ना," सर म्हणाले.

"त्या संपल्या, सर. दर तीन वर्षांनी पिल्लांच्याच पेशी काढून आपण नव्या गोठवतो. मूळ काहीच उरलेलं नाही." मॅडमनी खाली बघितलं. "नागपूरहून समिती येतेय. सोमवारी चौकशी आहे. हलगर्जीपणा ठरला तर पेन्शन थांबेल, कदाचित गुन्हाही दाखल होईल. डिंपलताई, तेव्हा तुम्ही हजर होतात. तुम्हाला साक्ष द्यावी लागेल."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत भरवसा होता, आणि मला तो सहन होईना.

कारण नळ्या मिसळल्या नव्हत्या. काय झालं होतं, ते मला माहीत होतं.

आमच्या प्रत्येक तलावात एक राखण्या असतो. सगळ्यात जुना नर. मागूरचा नर अंड्यांची राखण करतो, म्हणून ते नाव. आखाडीच्या दिवशी, आषाढातल्या सणाला, त्याला अलगद धरतात, हळद लावतात आणि परत सोडतात. तो कुणी खात नाही, विकत नाही. तो गेला की तलावाचं राखणारं कुणी उरत नाही, असं लोक मानतात. आणि केंद्रानं नेमका तोच मागितला होता, कापायला.

ठरलेल्या दिवसाच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरी माणसं यायला लागली. एकेकटी. पहिले आले खैरटोल्याचे कवडूजी मारबते, हंड्यात राखण्या घेऊन. "फागूभाऊ, कापनारा तूच आहेस. आमचा राखण्या तुह्या बोडीत ठेव अन् तुह्या बोडीतला एक नर दे. एका तलावानं का फरक पडते? बाकीचे अकरा तर खरेच देऊन रायले. कोणाले सांगू नोको." बाबांनी शब्द दिला. दुसऱ्या दिवशी सोनबोडीचे झिंगरूजी दिघोरे आले. तेच म्हणाले, शब्द न शब्द. मग मोहतलावचे. मग बाकीचे. बाराही.

प्रत्येकाला वाटत होतं की खोटं आपण एकटेच करतो आहोत. बारा जण होते हे फक्त आमच्या घराला ठाऊक. मी एकोणीस वर्षांची होते. बाबा बोडीतून नर काढत, मी कॅनवर लेबलं चिकटवत असे, खैरटोला, सोनबोडी, मोहतलाव, आणि मला हसू आवरत नसे. एका जोडीची बारा पोरं, बारा गावांची नावं लावून निघाली होती. केंद्रात त्या वेळी एकच तपासणी झाली: मागूर शुद्ध आहे की संकरित. बाराही शुद्ध निघाले. ते एकमेकांचे कोण लागतात, हे कोण कशाला विचारणार? कॅन नीट पोचवल्या म्हणून मला नोकरी लागली.

आईला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ती बोडीच्या काठावर जाळं दुरुस्त करत बसली होती.

"सांगून टाकते, आई. जनबंधू सरांचा काही दोष नाही."

आईनं सुई थांबवली नाही. "तुह्या बापानं बारा जनाईले शब्द देल्ला होता. मरेपर्यंत पाळला."

"बाबा गेले. सर जिवंत आहेत."

"अन् बारा गावं? सरकारले फसवलं म्हनून तलावाचे पट्टे काढून घेतले त का खातीन लोकं? तुले का म्हनतीन?" मग तिनं बोडीकडे पाहिलं. "अन् हे लोकं इथं येतीन. सुऱ्या घेऊन. ज्याइले तुह्या बापानं वाचवलं त्याइलेच कापतीन."

बोडीत अधूनमधून मागूर वर येऊन हवा घेत होता. आवाज होई, वर्तुळ उठे, मिटून जाई. मला एवढंच कळत होतं की मी गप्प राहिले तर एक माणूस फुकट मरेल आणि बोलले तर बारा गावं. पण तिसरंही काहीतरी त्या पाण्यात होतं, आणि त्याचाच मला आधार वाटत होता. त्या बारा राखण्यांची प्रजा. केंद्रानं हरवलेले बारा खरे वंश माझ्या घरामागे पोहत होते. ते दाखवले तर सर सुटतील, मागूरही वाचेल. आणि मागूर वाचला तर तलावांचे भाडेपट्टे काढून घ्यायची हिंमत कोण करेल?

शिवाय मॅडमनी मला एकदा सांगितलं होतं की हल्ली वंश बघायला मासा कापावा लागत नाही. पराचा तांदळाएवढा तुकडा पुरतो.

सोमवारी मी सांगितलं. समितीतली तीन माणसं, मॅडम, सर, आणि बाराही सोसायट्यांचे लोक सभागृहात बसलेले. बारापैकी पाच म्हातारे हयात होते, बाकीच्यांचे मुलगे आले होते. मी काही वगळलं नाही. बाबांचं नाव घेतलं, माझं घेतलं, लेबलांचं सांगितलं.

समितीच्या अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि एकेकाला उभं केलं.

कवडूजी पंच्याऐंशीचे झालेले. काठीवर रेलून उभे राहिले. "आमी आमचा राखण्याच देल्ला होता, साहेब. माह्या हातानं देल्ला."

झिंगरूजींनी कानावर हात ठेवले. "फागूच्या घरची पायरीबी मी चढलो नाही."

मोहतलावच्या मुलाला तर हसूच आलं. बारा वेळा तेच उत्तर. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते आणि एकही जण माझ्याकडे बघत नव्हता. मला राग येत नव्हता, हे मलाच नवल वाटलं. त्यांना अजूनही वाटत होतं की खोटं आपण एकट्यानंच केलं होतं, आणि फागूच्या पोरीनं आपली चूक सगळ्यांच्या माथी मारली. म्हणजे आपण कबूल झालो की उरलेल्या अकरा गावांसमोर मान खाली.

"हा वाद सोडवणं सोपं आहे," मॅडम मध्येच म्हणाल्या. "बोडीतले मासे तपासू. बारा वंश तिथे असतील तर डिंपलताई खरं बोलतायत." माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोडीत जाळं पडलं. आई घरात निघून गेली, दार लोटून घेतलं. काठावर बारा गावांची माणसं उभी होती. एकतीस मागूर निघाले. मॅडमनी प्रत्येकाच्या पराचा तुकडा कापला, नळीत टाकला आणि मासा परत सोडला. एकही मासा मेला नाही. मी मनात म्हटलं, बाबा, बघा.

आठ दिवसांनी त्याच सभागृहात मॅडमनी कागद वाचला. एकतीसच्या एकतीस मासे केंद्राच्याच घरचे होते. वेगळं रक्त कुठेच नाही.

"वलथरेबाई," अध्यक्षांनी विचारलं, "या बोडीत बाहेरचं बीज कधी सोडलं होतं का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेव्हा मला कळलं. खरंच सांगते, त्या क्षणापर्यंत मला कळलं नव्हतं. सायकल, कॅन, बोडीचा काठ. पहिले पंगस मोठे झाल्यापासून प्रत्येक हंगामात हजारो पिल्लं, अठरा वर्षं. त्या बारा नरांच्या प्रजेच्या तोंडचा घास खाणारी, त्यांच्या बिळात शिरणारी, त्यांच्याशी जुळणारी. लोकांनी वाचवलं, बापानं सांभाळलं, आणि मी दयेनं बुडवलं.

"हो," मी म्हटलं. "मीच सोडत होते. केंद्रातली उरलेली पिल्लं."

"म्हणजे ही बोडी कशाचाच पुरावा नाही." त्यांनी कागद मिटला. "सहकाऱ्याला वाचवण्याची तुमची भावना आम्ही समजू शकतो."

बाहेर पडताना मॅडमनी माझा दंड धरला. "एखादा बिळात उरलाही असेल, ताई. एकतीस म्हणजे सगळी बोडी नव्हे. पण आता मला परवानगी मिळणार नाही."

जनबंधू सर प्रयोगशाळेत खण रिकामा करत होते. निलंबनाचा कागद टेबलावर पालथा ठेवला होता. ते बारा ड्रॉपर त्यांनी कापडातून काढले होते आणि एकेक उजेडात धरून बघत होते.

"सर, मी खोटं बोलले नाही."

ते हसले. इतक्या मायेनं हसले की मला रडू फुटलं. "डिंपल, तुम्ही माझ्यासाठी स्वतःच्या वडिलांचं नाव खराब केलं. असं करायला नको होतं." एक ड्रॉपर त्यांनी बोटांत फिरवला. "बावीस वर्षं मला वाटत होतं, मी बारा वापरले. आता आठवायला जातो तर हात दिसतो, पण हातातलं दिसत नाही. चुकलं असेल माझं. तुम्ही तिथं होत्या. एक खरं सांगा. मी एकच वापरला होता का?"

"बारा, सर. बाराही वेगळे. मी मोजले होते."

त्यांनी मान हलवली, जशी आपण लहान मुलाच्या गोड थापेला हलवतो, आणि ड्रॉपर पुन्हा कापडात गुंडाळायला लागले.

मी सायकल काढायला गेले. पत्र्याच्या शेडखाली कवडूजी काठी टेकून उभे होते. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं.

"पोरी, राग नोको मानू," ते हळू म्हणाले. "पट्ट्याचा सवाल होता. एक सांग मले. आमचा राखण्या आहे ना अजून बोडीत? का त्याचा वंश तरी?"

मी सायकलचं कुलूप काढत राहिले. काय सांगू मी त्यांना?

"त्याच्याच भरवशावर आहो आमी," ते म्हणाले. "सरकारी बीज मरून रायलं, मरू दे. मी पोराले सांगतो, आपलं बीज फागूच्या बोडीत आहे. कधीबी आनता येते."

"हाव, आजोबा," मी म्हटलं. "आहे."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कोणाले सांगू नोको."

फाटकाजवळ पोचले तर झिंगरूजी दिघोरे नळावर पाणी पिण्याचं निमित्त करून थांबले होते. त्यांच्या मागे, चिंचेखाली, मोहतलावचा मुलगा एकटाच उभा होता. त्याच्यापासून दूर, पाठ करून, आणखी एक. प्रत्येक जण दुसरा जायची वाट बघत होता.

झिंगरूजींनी तोंड पुसलं आणि जवळ आले.

"डिंपल," ते म्हणाले, "आमचा तेवढा आहे ना वो?"